राणीसाहेबांचं राहून गेलेलं भाषण

बाई कुठल्याही दारातून सरळ आत जायच्या नाहीत. उंबऱ्याशी थांबायच्या, मनात तीनपर्यंत मोजायच्या, मान जराशी उचलायच्या आणि मग उजवा पाय आत. पोस्टात, बँकेत, रॉकेलच्या दुकानात, सगळीकडे हेच. मागून येणारे त्यांच्या पाठीवर आदळायचे. "ओ आजी, चला ना पुढे!" असं कोणी खेकसलं की मागे न बघता म्हणायच्या, "एंट्री आहे बाबा. घाईत होत नाही." वाशीत आमच्या सेक्टरमध्ये त्यांना सगळे राणीबाई म्हणायचे. कौतुकानं नव्हे, हे सांगायला हवं. मला तेव्हाही त्या लोकांचा राग यायचा. आता माझी साठी उलटली तरी येतो, आणि त्यातला बराचसा आता माझ्यावरच निघतो. तो का, ते सांगते.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. बेलापूरला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून नुकती लागले होते. नोकरी टेंपररी. सीबीडीत तेव्हा इमारती कमी आणि चिखल जास्त, रेल्वेचा पत्ता नाही, बस मिळाली तर मिळाली. कोणाच्या तरी ओळखीनं बाईंकडे राहायला गेले. तळमजल्यावरची वन रूम किचन, भाच्याच्या नावावरची. भाचा मस्कतला. बाई एकट्या, वय बासष्टच्या आसपास, अंगानं किरकोळ, पण बसल्या की समोरच्याला वाटावं आपण उभं राहिलेलं बरं.

तेराव्या वर्षी नाटक कंपनीत गेल्या त्या तीस वर्षं तिथेच होत्या. ऐतिहासिक नाटकं करणारी फिरती कंपनी. बाई राणी व्हायच्या. धाकटी राणी, थोरली राणी, विधवा राणी, वेडी राणी. "सिंहासनावर मी जेवढी बसले तेवढी खरी राणी कुठली बसायला," असं म्हणायच्या. मालक स्वतः हिरो. जाहिरातीत मालकांचं नाव बोटभर जाडीचं, नंतर गवयांचं, नंतर तबलजीचं, आणि शेवटी 'व इतर पात्रे'. बाई तीस वर्षं 'व इतर'मध्ये होत्या.

त्यांची एक खोड अशी की पोळ्या लाटताना राण्या म्हणायच्या. लोक स्तोत्र म्हणतात तशा. ज्या ज्या संस्थानात कंपनीचा मुक्काम पडला तिथल्या राजघराण्यातल्या बायकांची माहिती त्यांनी विचारून, खोदून, दासींना पानसुपारी देऊन मिळवली होती, आणि ती सगळी तोंडपाठ. माहेर कुठलं, लग्न कितव्या वर्षी, विधवा कितव्या वर्षी, मरण कशानं. "नवव्या वर्षी लग्न. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं. पुढे एक्केचाळीस वर्षं कारभार पाहिला. तळी बांधली, शाळा काढली. आणि दिवाणखान्यातल्या फोटोखाली काय लिहिलंय? 'महाराजांचा परिवार.' तव्यावरची उलट गं ती, करपतेय." मी पोळी उलटायची. एक राणी संपली की दुसरी. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे डबा भरताना मीच विचारायला लागले, आज कोणती?

बाईंनी सिनेमेही केले होते, सहा. सहाही सिनेमांत त्या राणी आणि सहाही सिनेमांत मुक्या. म्हणजे राणी मुकी नव्हे, संवादच नाही. एका शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर त्यातला एक लागणार होता. आमच्या इमारतीत टीव्ही होता तो सोसायटीच्या चेअरमनकडे. हा चेअरमन म्हणजे आमच्या कचेरीतला बडा साहेब. सफारी सूट, गळ्यात चेन, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'टेन्शन नाही घ्यायचं'. त्याच्याकडे बिल्डिंगमधली वीस-पंचवीस माणसं जमली. बाई इस्त्रीची नऊवारी नेसून आल्या, दारात तीनपर्यंत मोजलं, आत आल्या. सिनेमा पावणेतीन तासांचा. बाईंचा सीन आला तो सव्वा तासानंतर. राजा स्वारीवर निघतो, राणी त्याला ओवाळते. कॅमेरा आपला राजाच्या मिशांवर. पडद्याच्या कडेनं निरांजनाचं ताट आणि मनगटापर्यंत एक हात आला, तीनदा फिरला, गेला.

"तो हात माझा," बाई म्हणाल्या.

आधी कोणाला कळेना. मग जो हशा पिकला! चेअरमन डोळे पुसत म्हणाला, "हात मात्र छान काम करतो हं तुमचा, राणीबाई!" त्यावर आणखी हशा. बाई शेवटपर्यंत बसल्या, 'समाप्त' आलं तेव्हाच उठल्या. घरी आल्यावर मी चिडून काहीतरी बोलले, तर म्हणाल्या, "अगं, ताट जड होतं ते. अकरा वेळा घेतलं. हात थरथरला नाही, पाहिलंस ना?" मी पाहिलं होतं. मला त्या वीस-पंचवीस जणांच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती.

त्या रात्री जेवताना त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. संस्थानं विलीन व्हायच्या आधीची. एका लहानशा संस्थानात कंपनीचा मुक्काम होता. नाटक असं: राजा वारलाय, राणी विधवा, मूल लहान. दिवाण इंग्रज साहेबाला फितूर होऊन मुलूख देऊन टाकण्याचा कागद घेऊन येतो. राणी मुकाट्यानं सही करते आणि बेशुद्ध पडते. पडदा. दिवाणाची भूमिका मालकांची, सगळ्या टाळ्या त्यांच्या पश्चात्तापाच्या भाषणाला. चिकाच्या पडद्याआडून तिथल्या म्हाताऱ्या राणीसाहेबांनी ते नाटक पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बाईंना आत बोलावून घेतलं.

"म्हणाल्या, 'तुम्ही बसता अगदी आमच्यासारख्या. पण बेशुद्ध कशाला पडता? आम्ही पडलो नव्हतो.' म्हणजे बघ, त्यांच्यावरच गुदरलं होतं ते! तरणेपणी असाच कागद आला होता. दाराशी पलटण उभी. सही केली. 'आम्हाला जे बोलायचं होतं ते बोलता आलं नाही,' म्हणाल्या, 'तुम्ही बोला.' आणि सांगितलं मला. एकेक शब्द. मी त्यांच्या पायावर हात ठेवून म्हटलं, बोलेन."

बाईंनी ते भाषण पुढच्याच प्रयोगात म्हटलं, मालकांना न विचारता. थिएटरात टाळ्या थांबेनात. दिवाणाच्या पश्चात्तापाकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी सांगितलं, पुन्हा तोंड उघडलंस तर चालू लाग. बाईंचा बाप तेव्हा कंपनीत पेटी वाजवायचा, दमेकरी. बाईंनी तोंड मिटलं. पुढची सतरा वर्षं तेच नाटक करताना त्या जागी आल्या की मनातल्या मनात ते म्हणायच्या आणि बेशुद्ध पडायच्या.

"एकदाच म्हटलं गं," बाई म्हणाल्या. "आणि राणीसाहेब त्या दिवशी आल्या नव्हत्या."

पुढच्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत नाटक करायचं ठरलं. बाईंनी कधी नव्हे ते स्वतःहून पुढे होऊन कंपनीची वही आणून दिली. दिवाणाची भूमिका कोण करणार? चेअरमन. दिग्दर्शन? चेअरमन. राणीसाठी त्यानं आपली पुतणी आणली. बाईंनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "ही पाहुणी बसल्यासारखी बसते." मग स्वतःच एक मुलगी घेऊन आल्या. आमच्या गेटवर खाडीकाठच्या गावातली एक बाई मासळीची टोपली घेऊन बसायची, तिची मुलगी मंदा. बारावीला होती. वाशीच्या या इमारती ज्या शेतांवर उभ्या राहिल्या त्यात त्यांचंही शेत गेलं होतं.

"हिचं मराठी ऐकलंत का?" चेअरमन मंदाच्या तोंडावरच म्हणाला. "हाय, नाय, पानी, लोनी. राणी असं बोलते?"

"तुम्ही किती राण्या ऐकल्यात?" बाईंनी विचारलं. "मी ऐकल्यात. त्या काही रेडिओवर बातम्या देत नव्हत्या. आपापल्या गावचं बोलायच्या. पोरीची मान बघा. टोपली डोक्यावर घेऊन वाढलेली मान आहे, ती वाकणार नाही."

महिनाभर तालमी चालल्या. बाई प्रॉम्प्टर. मंदाला त्यांनी पहिल्या दिवशी एकच धडा दिला: विंगेतून येईल ते बोलायचं. मधे विचार करायचा नाही, प्रॉम्प्टरवर शंका घ्यायची नाही, मग ते पाठ असो नसो. फिरत्या कंपनीत नवीन नट असाच तयार करायचे, रोज रात्री वेगळं नाटक, पाठांतराला वेळ कुठला? मंदानं ते इतकं अंगात भिनवलं की एकदा बाई "अगं पंखा लाव," म्हणाल्या तर ही सिंहासनावरून ठणकावून म्हणाली, "अगं पंखा लाव!" बाईंनी तिला राणीसाहेबांचं भाषणही वहीत लिहून दिलं. तिसऱ्या तालमीला चेअरमननं ते काढून टाकलं. "नाटक लांबतंय. आणि राणी सही करणारच आहे ना शेवटी? मग एवढं बोलून उपयोग काय? टेन्शन नाही घ्यायचं."

बाई वाद घालतील असं मला वाटलं. त्यांनी वहीतल्या त्या पानाला घडी घातली आणि पुढचं पान उलटलं.

प्रयोग संध्याकाळी साडेसहाला, मोकळ्या प्लॉटवरच्या मांडवात. पुढे खुर्च्यांवर सोसायटी, मागे ताडपत्रीवर गावातल्या बायका. मंदाची आई आपल्या आळीच्या आळी घेऊन आली होती. मी विंगेत बाईंच्या शेजारी, शाली आणि फेटे सांभाळत. शेवटचा प्रवेश आला. दिवाणानं कागद पुढे केला. मंदानं बोरू उचलला. आता सही करायची आणि कोसळायचं. आणि माझ्या कानाशी बाईंचा आवाज आला, हळू, स्वच्छ: "लग्न ठरलं तेव्हा मला विचारलं नाही."

मंदाचा हात थांबला. एक क्षण, जास्त नाही. मग ती बोलली. बाई एकेक वाक्य देत गेल्या आणि ती बोलत गेली.

"लग्न ठरलं तेव्हा मला विचारलं नाही, मी नऊ वर्षांची होते. दत्तक घेतला तेव्हा मला विचारलं नाही, मी एकोनीस वर्षांची होते. आज मुलूख देऊन टाकायचा, तर कागद घेऊन माझ्या दारी आलात. दिवाणजी, विचारायला तुमाला कधी हे दार सापडलं नाही, सहीला बरं सापडलं! सही मी करते. दाराशी पलटन हाय म्हनून करते. पन याच कागदावर खाली लिहा, आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत लिहा: रानी नाही म्हनाली होती."

मी टाळ्यांची वाट बघत होते. टाळ्या नाहीत. मागच्या ताडपत्रीवरून हुंदका आला, मग दुसरा, आणि मग मंदाची आई मोठ्यानं म्हणाली, "आमचा शेत गेला तवा आमाला तरी कोन इचारला!" तिच्यामागे सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. त्या मांडवात नाटक कुठलं आणि मांडव कुठला हेच कळेनासं झालं. चेअरमन कागद हातात धरून तसाच उभा. बाईंनी वही मिटली. ओठ गच्च दाबून धरले होते, पण डोळे वाहत होते.

आत आल्यावर चेअरमन जे बोलला ते इथे लिहिणार नाही. "नाटकवाली" हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. बाई ऐकून घेऊन इतकंच म्हणाल्या, "दिलेला शब्द होता माझा. तुम्हाला नव्हता दिलेला."

पण खरा नीचपणा पुढेच आहे. नाटकाचा बोलबाला झाला. महिन्याभरानं बेलापूरला सोसायट्यांच्या नाट्यस्पर्धा होत्या, तिथे प्रवेशिका गेली. कमिटीची मीटिंग बसली आणि ठरलं काय, तर भाषण ठेवायचं, एवढं गाजलंय तर ठेवायलाच हवं, फक्त ते दिवाणाच्या तोंडी घालायचं! 'मला विचारलं नाही'च्या जागी 'राणीसाहेबांना विचारलं नाही'. म्हणजे दिवाणाला एकदम उपरती होते आणि तोच राणीची बाजू मांडतो. राणी ऐकते, सही करते, बेशुद्ध पडते. "ड्रामॅटिक होईल," चेअरमन म्हणाला. एकाही माणसाला लाज वाटली नाही. बाईंना प्रॉम्प्टिंगवरून काढलं. मंदाला ठेवलं, कारण दुसरी कोणी तयार नव्हती.

आणि नवी वही लिहायला मला सांगितलं. माझं अक्षर मोत्यासारखं, कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबानं केबिनमध्ये बोलावून सांगितलं, वही तू लिही, विंगेत तूच उभी राहा. माझी कायम होण्याची फाईल त्याच्या टेबलावर होती. तिचा तो एका शब्दानंही उल्लेख करत नव्हता, नुसती तिच्यावर कोपर टेकून बसला होता.

मी लिहिली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसून चार संध्याकाळी लिहिली. बाई माझ्या मागून येत-जात होत्या. त्या पानावर आले तेव्हा त्या माझ्या खांद्यावरून वाकल्या, वाचलं. मला वाटलं आता वही फेकून देतील, मला घराबाहेर काढतील. काढायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे तुझं." आणि कुकर लावायला गेल्या. त्या दिवसापासून पोळ्या लाटताना त्यांनी एकही राणी म्हटली नाही.

स्पर्धा दुपारी तीनला. बाई प्रेक्षकांत बसल्या, गावातल्या बायकांबरोबर. त्या सगळ्या टेंपो करून आल्या होत्या, मंदाचं भाषण पुन्हा ऐकायला. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. शेवटचा प्रवेश आला. चेअरमननं कागद पुढे केला, मग छातीशी धरला, दोन पावलं पुढे आला आणि भरल्या आवाजात सुरू केलं, "लग्न ठरलं तेव्हा राणीसाहेबांना विचारलं नाही..."

पुढचं त्याला आठवेना. पाठांतर करायला साहेबाला वेळ कुठे होता? त्यानं विंगेत माझ्याकडे पाहिलं. पान माझ्यासमोर उघडं, वाक्य माझ्याच अक्षरात. मी दिलं नाही. मी हिमतीनं गप्प राहिले असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? मी घाबरले होते, वाक्यावर बोट ठेवून नुसती उभी होते. तो बघतोय, मी बघतेय. आणि मागून मंदाच्या आईचा आवाज आला, टोपली घेऊन बसायची तेव्हाचा, अख्ख्या सेक्टरला ऐकू जाणारा:

"अरे, तुजा नाय तो! माज्या पोरीचा हाय! पोरीला बोलू दे!"

मंदानं विंगेकडे पाहिलं नाही. कोणी देणारही नव्हतं. ती सिंहासनावरून उठली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बोलली. दिवाणाच्या हातून कागद घेऊन सही केली, बोरू खाली ठेवला, आणि बेशुद्ध पडली नाही. पडदा पडेपर्यंत दिवाणाकडे बघत उभी राहिली.

निकाल सहा वाजता लागला. उत्कृष्ट अभिनयाचं पारितोषिक: दिवाण. परीक्षक म्हणाले, राणीला बोलू देण्यासाठी दिवाणानं घेतलेला विराम अविस्मरणीय होता. चेअरमननं कप घेतला आणि चारी दिशांना हात जोडले. मंदाला उत्तेजनार्थ एक पुस्तक मिळालं. मी मागे उभी राहून दातओठ खात होते. बाई मात्र मंदाला बाजूला घेऊन सांगत होत्या, "तिसऱ्या वाक्याला श्वास पुरला नाही तुला. आधीच घ्यायचा. बाकी राणीसाहेबांना आवडलं असतं."

माझी नोकरी पुढे कायम झाली. साहेबाला त्या विरामाचं श्रेय मिळाल्यावर माझ्यावर राग धरायचं कारण उरलं नाही. बाई दोन वर्षांनी गेल्या, झोपेतच. नाटकाची ती वही सोसायटीनं जपून ठेवली, बक्षीसपात्र म्हणून. मधे रौप्यमहोत्सव झाला, गेल्या वर्षी आणखी कसला तरी महोत्सव, तेव्हा काचेच्या कपाटात मांडली होती. मी सेक्रेटरीला म्हटलं, एकच पान दुरुस्त करायचंय, पाच मिनिटांसाठी द्या. तो पोरगेला, सभ्य मुलगा. म्हणाला, "काकू, ओरिजिनल आहे हो, त्यात बदल कसा करणार?" काचेतून दिसत होतं. ते भाषण दिवाणाच्या नावावर आहे, आणि अक्षर माझं आहे.